भिमाबाईचा मधला रुपया

१

खोटा रुपया दगडावर टाकला की गात नाही, खोकतो. १९९७ च्या मार्चातल्या एका बुधवारी, नाशिकच्या सराफ बाजारात किशोरशेठच्या दुकानात भिमाबाई गावितचा रुपया खोकला, आणि अर्ध्या तासात दोन गरीब माणसं चौकीत जाऊन बसली.

मी त्याच दुकानाच्या पायरीवर बसायचो. नाव रावजी. धंदा जुन्या नाण्यांचा, फडक्यावर मांडून. बाजार म्हणतो, रावजी थापा मारतो. मारतो. एका वकिलाला मी कोटाचं बटण होन म्हणून विकलंय आणि वर त्याला होनाचा इतिहासही सांगितलाय. पण ही गोष्ट सांगताना थाप जमत नाही. रागात असलो की मला थापा सुचत नाहीत, आणि या गोष्टीचा राग अजून उतरलेला नाही.

भिमाबाई पेठकडच्या डोंगरातली. पन्नाशीची, काटक, अनवाणी. गळ्यात एकवीस चांदीच्या रुपयांची माळ, सासूकडून आलेली. पाड्यावरच्या पाच बायका मिळून भात कांडायची गिरणी घेणार होत्या. तोवर भाताचं ओझं डोक्यावर घेऊन दोन घाट चढायचे आणि कांडून परत उतरायचे, हे त्यांचं आयुष्य. चार जणींनी आपापलं दिलं होतं. भिमाबाईचा हिस्सा म्हणजे माळेतला मधला रुपया. तो १९३९ चा होता.

आता हे समजून घ्या. राणीछाप रुपया बाजारात पोत्यानं मिळतो, त्याची किंमत चांदीपेक्षा थोडी वर. पण १९३९ चा रुपया फार थोडा बाहेर आला. तो मिळाला तर नाणी जमवणारी माणसं देव भेटल्यासारखी वागतात. म्हणूनच त्याची खोटी पिल्लंही भरपूर.

सोमवारी ती दुकानात आली तेव्हा अमितराव तिथं होते. बँकेतले अधिकारी, इस्त्रीचा शर्ट, खिशात भिंग. नाण्यांचे मोठे जाणकार, नाशकात त्यांचा शब्द शेवटचा. म्हणाले, "सहज डोकावलो, आणि बघा काय नशीब."

आधी निसारनं माळेतून मधला रुपया सोडवला. निसार म्हणजे दुकानामागच्या खोलीत बसणारा चांदीचा कारागीर, पंचविशीतला, खाली मान घालून काम करणारा. रुपयाला वर कडी असते, डाखानं चिकटवलेली, त्या कडीतून दोरा जातो. ती कडी त्यानं करवतीनं कापली, खुंट कानशीनं घासला आणि रुपया अमितरावांच्या हातावर ठेवला.

अमितरावांनी काट्यावर टाकला. एका तोळ्याला जरासा कमी, म्हणजे पन्नास-साठ वर्षांच्या झिजेला शोभेल असा. दगडावर वाजवला, बारीक लांब सूर निघाला. लोहचुंबक लावला, हलला नाही. कडेच्या रेघा नखानं मोजल्यासारख्या पाहिल्या. मग भिंगातून आकडा. नऊचा आकडा आठाला कोरून केलेला नाही ना, हे ते मिनिटभर बघत होते.

"खरा आहे," ते म्हणाले. "वीस हजाराचा माल. पण बाई, कडी लावून याची वाट लावलीत. काठावर डाखाचा व्रण आहे. बारा देईन."

भिमाबाई म्हणाली, "व्रण तर बारीक हाय."

"बारीक असला तरी आठ हजाराचा आहे."

मला तेव्हाच बोलायला हवं होतं. बोललो नाही. जाणकारापुढं पायरीवरचा माणूस बोलत नाही.

पैसे बुधवारी मिळणार होते. अमितरावांनीच रुपया सराफी गुलाबी कागदात गुंडाळला, पुडी किशोरशेठकडं दिली, त्यानं त्यावर लाख ओतून आपला शिक्का मारला आणि पुडी तिजोरीत टाकली. बुधवारी सगळ्यांसमोर लाख फोडली. अमितरावांनी रुपया दगडावर टाकला.

खोकला.

किशोरशेठ पांढरा पडला. शिक्का त्याचा, तिजोरी त्याची. दुकानाचं नाव जाईल म्हणून त्यानंच चौकीत फोन केला. अमितराव मात्र मोठ्या मनानं म्हणाले, "जाऊ द्या हो, गरीब माणसं आहेत. मी काही तक्रार करत नाही."

हवालदार आला. त्यानं विचार केला तो एवढाच: कडी कोणी कापली? या पोरानं. माल कोणी आणला? या बाईनं. झालं, दोघांचं संगनमत. निसार म्हणाला, "साहेब, माझ्या हातात तो दोन मिनिटं होता." हवालदारानं त्याच्या कानाखाली मारली. भर बाजारात, पन्नास माणसांदेखत.

आणि पन्नास माणसं गप्प. एकावन्नावा मी.

२

संध्याकाळी माझ्या पायरीपाशी एक काळा बुरखा येऊन थांबला. गुलजारबी. निसारची आई. जुन्या नाशकात चाळीस वर्षं चांदीला उजाळा देणारी बाई. अर्ध्या गावाची पूजेची भांडी तिच्या हातची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस तिला धुक्यासारखा दिसतो. पण अंगठा असा, की ताटावरून फिरवून ती सांगायची, हे अमक्या घरचं, मागच्या दिवाळीला पडलं होतं.

"रावजीभाई," ती म्हणाली, "तुम्ही तिथं होता."

"होतो."

"बोलला नाही."

"नाही."

"मग आता तुमचे डोळे मला द्या. माझा अंगठा आहे. दोघांचं मिळून एक माणूस होईल."

एवढं ऐकून घ्यायची माझी लायकीच होती. गुरुवारी सकाळी आम्ही चौकीत गेलो.

निसार आतल्या कोठडीत. एका बाजूचा गाल सुजलेला. आईला पाहून तो उठला नाही, भिंतीकडं तोंड केलं. गुलजारबीला ते दिसलं नाही. मीही सांगितलं नाही.

भिमाबाई व्हरांड्यात जमिनीवर बसली होती. टेबलावर तिची माळ, उरलेले वीस रुपये, आणि शेजारी कागदावर तो खोटा. हवालदार पलीकडं चहा पीत होता. मी अलीकडून वाकून पाहिलं. राण्या, टकला एडवर्ड, दाढीवाला जॉर्ज, सगळे लखलखीत, आणि सगळे मला डोक्यावर उभे दिसले. माळ हवालदाराच्या बाजूनं मांडली असणार, असं म्हणून मी सोडून दिलं. म्हातारपणी माणूस चष्म्यावर फार दोष ढकलतो.

गुलजारबी भिमाबाईजवळ खाली बसली. "बाई, माझा पोरगा आत आहे. तुझा रुपया गेला. आपण दोघी एकाच खड्ड्यात. खरं बोल."

"खोटा कशाला बोलू. गिरणीवाला रविवारपतूर थांबंल. मंग तो दुसऱ्या गावाला देईल. चौघी बाया मला काय म्हणतील? भिमीनं खाल्ला म्हणतील."

"म्हणतील," गुलजारबी म्हणाली. तिनं खोटा धीर दिला नाही. "माळ कधी घासली होतीस?"

"रविवारी. चिंच न् राख लावून. शेठकडं जायाचा, मग मळका कसा न्यायचा?"

"सगळे?"

"वीस. मधला नाय घासला. मास्तर म्हनला, मधल्याला हात लावू नको."

"कोण मास्तर?"

"आमच्या शाळंचा. गोरक्ष मास्तर. त्यानंच इथं धाडला मला. त्याला साल वाचता येतो ना."

गुलजारबी गुडघ्यावर हात टेकून उठली. मग टेबलाकडं सरकली. हवालदार म्हणाला, "ए बाई, मुद्देमालाला हात नाही लावायचा."

"साहेब, तुमच्या घरच्या समया मी उजळते. गणपतीत पाठवल्या होत्या वहिनींनी. एकीच्या दांड्याला पोचा आहे. खरं ना?"

हवालदार बघतच राहिला. तिनं तेवढ्यात माळ उचलली. कडी आणि कडीखालचा राजा, कडी आणि राणी, असा एकेक रुपया अंगठ्याखालून सरकवला. वीसही. मग खोटा घेतला, काठावरून नख फिरवलं, एका जागी थांबली, चेहऱ्यावरून अंगठा वर-खाली नेला. परत ठेवला.

बाहेर आल्यावर तिनं माझा दंड पकडला. बोटं रुतत होती.

"रावजीभाई, माझा पोरगा सुटला," ती म्हणाली. "फक्त हे अजून त्यांना कळलेलं नाही."

३

मी विचारलं तर सांगेना. म्हणाली, "निसारनं केलं नाही हे मला कळलं. कोणी केलं ते कळल्यावर दोन्ही एकदम सांगते. अर्धं सांगितलं तर चोर उरलेलं अर्धं बुजवतो."

किशोरशेठ गल्ल्यावर बसला होता. आम्हाला बघून त्याचं तोंड वाकडं झालं.

"चाची, माझ्याकडं कशाला? माझं नाव गेलं ते गेलंच. माझ्या पिढ्या झाल्या या बाजारात."

"तुमचं नाव गेलं, माझा पोरगा गेला," गुलजारबी म्हणाली. "कोणाचं जड, ते काट्यावर घालू या का? एकच विचारते. गावाकडची बाई मोड आणते, तेव्हा तुम्ही तिला काय सांगता?"

"काय सांगायचं? धुऊन आण म्हणतो. मळाचे पैसे मी देत नाही. परवाही तेच. वीस रुपये लख्ख, आणि मधला काळा. मी म्हणालो पण तिला, बाई, हा का ठेवला? तर अमितरावांनी मलाच झापलं. म्हणे, किशोरशेठ, तुम्हाला कळत नाही, ती काळी झाक म्हणजेच नाण्याची किंमत. घासलेलं नाणं मेलेलं असतं."

"आणि तुम्ही पुडी बांधलीत?"

"बांधली त्यांनी. मी फक्त लाख लावली. तिजोरीची किल्ली माझ्या जानव्याला असते, आंघोळीतसुद्धा. आता म्हणा, शेठनं खाल्ला. म्हणून टाका एकदाचं."

"नाही म्हणत," ती म्हणाली, आणि काठी टेकत उतरली. मला वाटलं, एवढ्या लवकर का सोडला याला? दोन दिवस रुपया त्याच्याच तिजोरीत होता.

अमितराव गंगापूर रोडला राहायचे. दार उघडलं, बसा म्हणाले, पाणी दिलं. सभ्य माणूस. मला सभ्य माणसांचा राग येतो तो यासाठी, की त्यांच्या घरी चप्पल कुठं काढावी याचाच विचार आपण करत बसतो.

"बी, तुमच्या मुलाबद्दल मला खरंच वाईट वाटतं," ते म्हणाले. "मी हवालदाराला म्हणालोही, सोडून द्या. मोह होतो माणसाला. कारागिराला रोज चांदी दिसते, हातात मात्र काही राहत नाही."

गुलजारबीचा जबडा हलला, पण आवाज मऊच. "साहेब, तुम्ही त्या बाईला आधी ओळखत होता?"

"छे. सोमवारी पहिल्यांदाच. सहज डोकावलो होतो."

"रुपया येणार हे ठाऊक नव्हतं?"

"कसं असेल?"

"रावजीभाईंना तुमची वही बघायची होती. गरीब माणूस आहे, खरं नाणं बघून डोळे निवतील."

मी असं काही म्हणालो नव्हतो. पण अमितराव खुलले. जाड वही काढली, प्लॅस्टिकच्या पानांची, प्रत्येक पानाला छोटे खिसे, प्रत्येक खिशात एक रुपया, खाली सालाची चिठ्ठी. ते पानं उलटत बोलत होते. राणीच्या अंगरख्यावरची नक्षी शिल्लक असली तर भाव किती, पुसली तर किती. मुकुटाचे मोती मोजता आले पाहिजेत. मी बघत गेलो. १९३८ आला. शेजारी १९३९ ची चिठ्ठी. खिसा रिकामा.

"हा एकच राहिलाय," अमितराव म्हणाले. "बारा वर्षं शोधतोय."

रिकामा होता खरा. पण प्लॅस्टिकवर गोल वळ होता, रुपयाएवढा, पिवळट. नवीन खिशाला असा वळ नसतो. वर्षानुवर्षं आत काहीतरी बसलेलं असावं लागतं.

जिन्यात मी गुलजारबीच्या कानात ते सांगितलं. ती पायरीवरच बसली.

"फसले होते," ती हळू म्हणाली. "कधीतरी खोटा विकत घेतला, खूप पैसे देऊन. जाणकार माणूस फसला, कोणाला सांगणार? ठेवला वहीत आणि गिळला." मग माझ्याकडं तोंड केलं. "पेठची गाडी किती वाजता?"

४

शुक्रवारी पहाटेची एस.टी. मी एकट्यानं धरली. घाटात तीनदा उतरून ढकलली असं मी पुढं सगळ्यांना सांगत आलोय. खरं तर एकदाच.

गोरक्ष मास्तर शाळेच्या ओट्यावर पोरांची परीक्षा घेत होते. तरुण, सरळ. भिमाबाई चौकीत आहे हे ऐकून हातातला खडू मोडला त्यांच्या.

"मीच पाठवलं त्यांना," ते म्हणाले. "नाण्यांच्या जाणकाराचा पत्ता एका मासिकात मिळाला होता. मी लिहिलं, आमच्याकडं एका बाईच्या माळेत १९३९ चा रुपया आहे, कडी लावलेला. बाईला गिरणीसाठी विकायचाय. त्यांचं लगेच उत्तर आलं."

"उत्तर कुठं आहे?"

"आहे की. पण त्यांनी लिहिलं होतं, माझं नाव दुकानात घेऊ नका, लोक भाव वाढवतात. म्हणून मी बाईंनाही नाव सांगितलं नाही."

पेटीतून त्यांनी पोस्टकार्ड काढलं. मी वाचलं. दोनदा वाचलं. मग मास्तरांना म्हणालो, "शाळा सोडा. माझ्याबरोबर चला."

"परीक्षा चालू आहे."

"पोरांना सांगा, आज सगळे पास."

५

शुक्रवारी चार वाजता किशोरशेठच्या दुकानात आम्ही सगळे जमलो. हवालदाराला गुलजारबीनं काय सांगून आणलं ते मला आजही माहीत नाही. बहुतेक समयांचाच विषय असावा. त्यानं माळ आणि खोटा रुपया आणला होता, निसार आणि भिमाबाईलाही. अमितराव बँकेतून थेट आले, घड्याळ बघत. मास्तरांना मी मागच्या खोलीत बसवलं.

गुलजारबी मध्ये स्टुलावर बसली.

"शेठ, ती माळ खिळ्याला टांगा. बाईच्या गळ्यात असते तशी. कड्या वर."

किशोरशेठनं टांगली.

"आता रुपये बघा. काय दिसतं?"

किशोरशेठ पुढं वाकला. मीही. या वेळी चष्म्याला दोष देता आला नाही. कड्या वर होत्या, आणि प्रत्येक राजाचं डोकं खाली. राण्यांचंही. वीसच्या वीस.

"उलटे आहेत," किशोरशेठ म्हणाला. "कडी मुकुटावर लावतात. ह्या सगळ्या गळ्याच्या बाजूनं लावल्यात. कुठल्या अडाण्यानं केलं हे?"

"माझ्या सासऱ्यानं," भिमाबाई म्हणाली. सगळे तिच्याकडं वळले. तीन दिवसांत तिला कोणी आपणहून बोलू दिलं नव्हतं. "नांगराला एक साग तोडला होता त्यानं. साहेबाच्या रानराखीनं त्याला झाडाला उलटा टांगला. दिसभर. पुरा पाडा बघत होता. सुटून आला तं पेठच्या सोनाराकडं गेला. म्हनला, ह्यांचा राजा माझ्या घरात उलटाच टांगून राहील. मंग जो रुपया आला, त्याला खालून कडी. आमच्यात समद्यांना ठाव हाय. तुम्ही कोनी इचारला नाय."

 मला लाज वाटली, आणि लाजेचा राग आला. एवढी मोठी गोष्ट त्या बाईच्या गळ्यात उघडी लटकत होती, आणि सराफ बाजारानं त्यात फक्त चांदीचं वजन पाहिलं. मीसुद्धा.

"आता हा खोटा," गुलजारबी म्हणाली. "हवालदारसाहेब, काठावर डाखाचा व्रण आहे. कुठं?"

हवालदारानं रुपया फिरवला. "मुकुटाच्या वर."

"मुकुटाच्या वर. खऱ्याचा व्रण राजाच्या गळ्याखाली असणार, कारण कडी तिथं होती. मग हा खोटा बनवला कोणी? माझ्या पोरानं? त्यानं स्वतःच्या हातानं कडी कापली. व्रण कुठं आहे हे त्याच्याइतकं कोणाला माहीत? त्यानं बनवला असता तर बरोबर जागी बनवला असता. या बाईनं? तिच्या तर घरचीच रीत. शेठनं? त्यांनी बदलला असता, तर खरा रुपया दोन दिवस त्यांच्याकडंच असता. समोर ठेवून व्रण करता आला असता. हा व्रण अशा माणसानं केला, ज्याला कडी आहे एवढं माहीत होतं. पाहिली मात्र नव्हती. म्हणजे सोमवारच्या आधीच खोटा तयार होता. आणि शहरातला माणूस कडी म्हटलं की मुकुटावरच धरतो."

अमितराव हसले. "बी, छान. पण हे ज्याला ऐकून माहीत होतं असा कोणीही असू शकतो. शेठलाही कोणी सांगितलं असेल."

"शेठ धुऊन आणायला सांगतात. साऱ्या बाजाराला माहीत आहे. या बाईला निरोप गेला होता, वीस घासले तरी चालतील, मधला घासू नको. वजनावर घेणारा माणूस असं सांगत नाही. काळी झाक ज्याला हवी, तोच सांगतो. आणि पुडी त्यानंच बांधली, बांधतानाच रुपया बदलला. सोमवारी व्रण भलतीकडं दिसला असेल त्याला, पण तेव्हा बदलायला वेळ कुठं होता? म्हणाला असेल, ह्या लोकांत बघणार कोण."

"हा निव्वळ आरोप आहे," अमितराव उठले. "मी त्या बाईला ओळखत नव्हतो. रुपया येणार हे मला माहीत नव्हतं. सिद्ध करा."

मी मागचं दार उघडलं. गोरक्ष मास्तर बाहेर आले आणि पोस्टकार्ड वाचायला लागले, शाळेत वाचतात तसं, स्पष्ट, प्रत्येक शब्द सुटा. कडी असली तरी हरकत नाही. बाकीचे घासले तरी चालेल, मधल्याला चिंच-राख लावू देऊ नका. सोमवारी किशोर यांच्या दुकानी पाठवा. माझा उल्लेख नको. खाली सही.

किशोरशेठनं कार्ड घेतलं, सही बघितली, आणि ज्या माणसाला तो पंधरा वर्षं खुर्ची देत होता त्याच्या मागची खुर्ची ओढून घेतली.

"कुठंय?" हवालदारानं विचारलं.

अमितरावांनी पाकीट काढलं. आतल्या कप्प्यात, फोटोमागं. त्यांनी रुपया काउंटरवर ठेवला. निसारनं पुढं होऊन तो उचलला, बोटावर तोलला, दगडावर टाकला. सूर कितीतरी वेळ दुकानात फिरत राहिला.

६

गोष्ट इथं संपली असती तर मी ती हसत सांगितली असती.

हवालदार वही उघडत म्हणाला, "बाई, फिर्याद द्या. मात्र रुपया जमा होईल. मुद्देमाल. केस संपली की मिळेल."

"कवा संपंल?"

हवालदारानं पंख्याकडं पाहिलं. "पाच वर्षं. दहाही लागतात."

परवा रविवार. गिरणीवाला थांबणार नव्हता. खरं ठरूनसुद्धा बाई रिकाम्या हातानं जाणार होती. अमितरावांना हे आमच्या आधी कळलं. माणूस हुशारच. ते खालच्या आवाजात म्हणाले, "भिमाबाई, माझं चुकलं. फिर्याद नको. मी रुपया विकत घेतो, आत्ता, रोख. बारा ठरले होते, पंधरा देतो."

"वीस," गुलजारबी म्हणाली.

"त्याला व्रण आहे, बी."

"आज सगळ्यात कामाचा तोच ठरला. त्याचे पैसे कापायचे नाहीत."

अमितराव बँकेत गेले आणि आले. वीस हजार मोजले. किशोरशेठनं पावती लिहिली, पूर्ण किंमत देऊन विकत घेतला, शेठची आणि अमितरावांची सही, भिमाबाईचा अंगठा. भिमाबाई हवालदाराला म्हणाली, "माझी काय तक्रार नाय." नोटा पदरात बांधल्या आणि माळ गळ्यात घातली, मधे मोकळी जागा तशीच ठेवून. अमितरावांनी रुपया उचलला. बारा वर्षांचा शोध. व्रण असो, चोरी असो, मिळाला शेवटी. तोंडावर स्पष्ट दिसत होतं. ते पायरीपर्यंत आले.

"साहेब," निसार म्हणाला.

तीन दिवसांतला त्याचा हा दुसरा शब्द असेल. तो हवालदाराशी बोलत होता.

"वही बंद करू नका. बाईची तक्रार नाही. माझी आहे. माझ्यावर खोटा आळ घेतला. दोन रात्री आत ठेवलं. माझी फिर्याद लिहा. ज्याच्यावरून आळ घेतला तो रुपया ह्यांच्या खिशात आहे. आणि बाजारात मला मारलं कोणी, तेही लिहा."

हवालदाराचा चेहरा उतरला. पण पन्नास माणसं पुन्हा जमली होती, आणि या वेळी एकावन्नावा मी जोरात म्हणालो, "लिहा साहेब, मी साक्षीदार." किशोरशेठ म्हणाला, मीही. मास्तर म्हणाले, मीही. हवालदारानं पहिलं नाव लिहिलं, दुसरं, म्हणजे स्वतःचं, टाळायला बघितलं, गुलजारबी शेजारी उभी राहिली तेव्हा तेही लिहिलं. मग अमितरावांपुढं हात पसरला.

"हा माझा आहे," अमितराव म्हणाले. "पावती आहे."

"पावतीही द्या. सोबत जोडतो."

गिरणी पाड्यावर पोचली. तिचा पट्टा पहिल्याच दिवशी तुटला, तो भिमाबाईनं दुसऱ्या दिवशी नाशकात येऊन नेला, तेव्हा माझ्या पायरीवर बसून चहा प्याली. हवालदाराची बदली झाली, तेवढंच झालं. त्याचा मला अजून संताप आहे.

केस चालू राहिली. तारखेला अमितराव येत, निसार येई, तारीख पडे. निसारचा दिवसाचा रोज बुडे. गुलजारबीच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तीही येऊन बसू लागली, अमितरावांकडं नीट बघत. २००५ साली अमितरावांनी मला गाठलं. केस पांढरे झाले होते. म्हणाले, "रावजी, मध्ये पड. निसार म्हणेल ती रक्कम. मला फक्त ते नाणं एकदा वहीत लावायचंय."

मी मागच्या खोलीत गेलो आणि निरोप सांगितला. निसार एका लहान पोरीच्या पैंजणाला घुंगरू लावत होता. फुंकणीनं ज्योत वळवली, डाख वितळू दिला, पैंजण पाण्यात टाकलं. चर्र झालं.

"काका, त्यांना सांगा," तो म्हणाला, "मला घाई नाही."